दहा कोयत्यांचा कारभार
बालाघाटातला मुकादम आणि माणसे सांभाळण्याची विद्या

ऊसतोडणीची टोळी हा दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास उभा राहणारा आणि उन्हाळ्याच्या तोंडाला मोडणारा धंदा आहे. त्याला दुकान नाही, पाटी नाही. तरी भांडवल, माणसे, करार, रोजचे काम, वाहतूक, हिशेब आणि तंटे अशी धंद्याची सगळी अंगे त्यात आहेत, आणि ती सांभाळणारा माणूस एकच असतो. तो म्हणजे मुकादम. वीस-पंचवीस माणसे गावापासून तीन-चारशे किलोमीटरवर नेणे, चार-पाच महिने त्यांच्याकडून अंगमोड करणारे काम करून घेणे आणि हंगाम संपल्यावर पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा आपल्याच टोळीत यावे इतका विश्वास राखणे, हे त्याचे काम. नेतृत्वाची आणि मनुष्यबळाच्या व्यवस्थापनाची जी सूत्रे मोठ्या कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गात शिकवली जातात, ती सगळी या कामात कसाला लागतात. या पद्धतीतले दोषही तितकेच शिकवणारे आहेत.

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातले राणीसावरगाव हे या धंद्याच्या मुलखातले गाव. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी वाहते. संत जनाबाईंचे गंगाखेड तिच्याच काठावर आहे. दक्षिणेकडे लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरच्या दिशेने बालाघाटाचे डोंगर सुरू होतात. रेणुकामातेच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीत ओळखले जाणारे राणीसावरगाव याच अंगाला आहे. नदीकाठची काळी जमीन आणि डोंगराकडची हलकी, मुरमाड जमीन यांत मोठा फरक आहे. डोंगरपट्ट्यात सोयाबीन, कापूस आणि तूर पावसाच्या भरवशावर येतात. खरीप निघाला की बऱ्याच घरांना पुढच्या पावसापर्यंत गावात पुरेसे काम उरत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर या सगळ्या बालाघाट पट्ट्यातून तोडीला जाणाऱ्यांची संख्या वाढत गेली. बीड जिल्ह्याचे नाव त्यात सर्वांत आधी घेतले जाते. परभणी, लातूर, नांदेड, जालना, धाराशिव आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांचे डोंगराळ तालुकेही त्याच वाटेवर आहेत. टोळ्या जातात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे या ऊसपट्ट्यांत आणि सीमेपलीकडे बेळगाव, बागलकोटकडे.

टोळीचे माप

या धंद्यात माणसांची मोजणी कोयत्यांत होते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. एक जोडी दिवसाला साधारण दीड ते दोन टन ऊस तोडून, साळून, मोळ्या बांधून वाहनात भरते. दहा कोयत्यांच्या टोळीकडून दिवसाकाठी पंधरा ते वीस टन ऊस निघतो. ट्रकची किंवा दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरची एक खेपही साधारण तेवढ्याच वजनाची असते. टोळीत आठ ते बारा कोयते असण्याचे कारण या गणितात आहे. कोयते कमी पडले तर वाहन अर्धवट भरून फडात उभे राहते आणि वाहतूकदाराची खेप बुडते. जास्त झाले तर दुपारनंतर माणसांना काम उरत नाही आणि प्रत्येकाच्या वाट्याला कमी टन येतात. किती माणसे घ्यायची हे मुकादमाची ऐपत किंवा हौस ठरवत नाही. रोज किती ऊस कारखान्याच्या गव्हाणीत पडायचा आहे, त्यावर ते ठरते.

तोडलेला ऊस थांबवून ठेवता येत नाही. जसजसा वेळ जातो तसतसे त्याचे वजन घटते आणि साखरेचा उतारा उतरतो. कारखान्याला तो चोवीस तासांच्या आत गाळायला हवा असतो. त्यामुळे टोळीतल्या एका जोडीच्या गैरहजेरीचा परिणाम फडापुरता राहत नाही. तो वाहनावर, गाळपाच्या कार्यक्रमावर आणि शेतकऱ्याच्या पुढच्या पाण्याच्या पाळीवर होतो. २०२१-२२ च्या हंगामात उसाचे पीक विक्रमी आले, तोडणीची यंत्रणा अपुरी पडली आणि मराठवाड्यात गाळप जूनपर्यंत रेंगाळले. उभ्या उसाला तोड मिळावी म्हणून शेतकऱ्यांना कारखान्याच्या गट कार्यालयात खेटे घालावे लागले. सुमारे दोनशे साखर कारखान्यांची यंत्रसामग्री कोयत्यावर किती अवलंबून आहे, हे त्या वर्षी सगळ्यांना कळले.

उचल आणि कराराची साखळी

कारखाना मजुरांशी थेट करार करत नाही. तो वाहतूकदाराशी करार करतो आणि त्याला आगाऊ रक्कम देतो. वाहतूकदार मुकादमाशी बोली करतो आणि मुकादम कोयत्यांना उचल देतो. ही उचल बिनव्याजी असते आणि हंगामातल्या कामातून फेडायची असते. एका कोयत्याची उचल आता पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे जाते. एक हंगाम संपत नाही तोच पुढच्या हंगामाच्या उचलीची बोलणी सुरू होतात. पेरणीचे बी-बियाणे, मुलीचे लग्न, दवाखाना, घराचे पत्रे अशी कारणे असतात, आणि ती सगळी पावसाळ्याच्या आगेमागेच उभी राहतात.

तोडणीचा दर आणि मुकादमाचे कमिशन साखर संघ, मजूर संघटना आणि लवाद यांच्या वाटाघाटीतून ठरते. २०२० मध्ये मजुरीत १४ टक्के वाढ झाली. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ ठरून टनाचा दर सुमारे ३६६ रुपयांवर गेला आणि मुकादमाचे कमिशन १९ वरून २० टक्के झाले. या आकड्यांवरून मुकादमाच्या धंद्याचे अर्थशास्त्र कागदावर मांडता येते. समजा, एका कोयत्याने १३० दिवस रोज दोन टन ऊस तोडला. एकूण २६० टन झाले. मजुरी झाली ९५,१६० रुपये. त्यावर मुकादमाचे २० टक्के कमिशन १९,०३२ रुपये. दहा कोयत्यांचे मिळून १,९०,३२०. वरवर पाहता रक्कम मोठी दिसते. पण लाख रुपये उचललेला एक कोयता हंगामाला आलाच नाही, किंवा मधूनच निघून गेला, तर पाच कोयत्यांचे सबंध कमिशन त्यात बुडते. शिवाय वाहतूकदाराला ती रक्कम मुकादमालाच भरून द्यावी लागते.

या एका आकड्यामुळे मुकादमाच्या कारभाराची दिशा ठरते. त्याच्या धंद्यातला सर्वांत मोठा खर्च आणि सर्वांत मोठी जोखीम एकच आहे: माणूस. तो नीट निवडला तर बाकीचे जुळते.

माणसे निवडणे

अनुभवी मुकादम टोळी बांधताना आधी कष्टाळूपण पाहतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. जोडीचे घरात पटते का, मागच्या हंगामाची बाकी अंगावर आहे का, ती कुणाची आहे, माणूस दारूच्या आहारी गेला आहे का, घरी म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले कुणाकडे राहणार आहेत, हे सगळे त्याला ठाऊक असावे लागते. टोळ्या भावकी, सोयरे आणि शेजारगावच्या ओळखीतून बांधल्या जातात ते याचसाठी. ओळख हीच इथली कागदपत्रे. ज्याच्यासाठी टोळीतले दोन जण शब्द टाकतात, त्याने तो मोडला तर त्या दोघांनाही गावात तोंड दाखवणे अवघड होते.

या पद्धतीचा फायदा उघड आहे, तसा तोटाही आहे. सगळी टोळी एकाच घराण्याची असली की एका भांडणात निम्मे कोयते उठून जातात. जाणता मुकादम म्हणून दोन-तीन घराण्यांची, दोन-तीन गावांची माणसे मिसळतो. काही कोयते जुने आणि मुरलेले घेतो, काही नव्या लग्नाच्या जोड्या घेतो. नव्यांना कोयता बुडाशी चालवण्याची, वाढे छाटण्याची, मोळी आवळण्याची रीत जुन्यांच्या शेजारी काम करून आठवडाभरात कळते. त्यासाठी वेगळा प्रशिक्षणवर्ग लागत नाही. कुणाशेजारी कुणाला उभे करायचे हे मात्र ठरवावे लागते.

फडातला दिवस

वाहन केव्हा येणार हे कारखान्याच्या चिटबॉयकडून, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाकडून, आदल्या रात्री कळते. पहाटे तीन-चारला कोपीबाहेर, म्हणजे मजुरांच्या झोपडीबाहेर, चुली पेटतात. बायका भाकऱ्या थापतात, लहान मुलांचे आवरतात, आणि उजाडायच्या आत टोळी फडात असते. प्रत्येक कोयता आपापली पात, म्हणजे तोडायच्या वाट्याची पट्टी, धरतो. पुरुष बहुधा ऊस बुडाशी, जमिनीलगत तोडतो, कारण खालच्या कांड्यांत साखर जास्त असते आणि उंच राहिलेला बुडखा शेतकऱ्याचे नुकसान करतो. पाचट साळायचे, शेंड्याचे वाढे छाटायचे, ऊस रांगेने टाकायचा. बाई तो गोळा करून वाढ्यांच्या बंधाने मोळी आवळते. वाहन आले की मोळ्या डोक्यावर घेऊन कलत्या फळीवरून वर चढायचे. दिवसभर तोड केलेल्या माणसांनाच ही भरणीही करावी लागते, आणि वाहन रात्री आले तर रात्रीही.

इथे मुकादमाचा खरा कस लागतो. बैलगाडीच्या पद्धतीत प्रत्येक जोडीची गाडी काट्यावर वेगळी मोजली जाते. जो जितका तोडतो तितके त्याला मिळतात. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळीत मात्र सगळ्यांचा ऊस एकाच वाहनात भरला जातो. काट्यावर वजन होते ते सबंध खेपेचे. ते टन हजर कोयत्यांत वाटले जातात. एखाद्या जोडीने हात आखडता घेतला तरी तिच्या वाट्याला तेवढेच टन येतात. ही गोष्ट शेजारच्या पातीवरचा माणूस रोज डोळ्यांनी पाहत असतो. मजुरी समान असेल तर कष्टही समान दिसले पाहिजेत. नाहीतर चांगले काम करणारा माणूसच आधी ढिला पडतो.

म्हणून पातींची वाटणी हा टोळीतला सर्वांत नाजूक विषय असतो. पडका ऊस तोडायला दुप्पट वेळ खातो. बांधाच्या आतला ऊस डोक्यावरून जास्त लांब वाहावा लागतो. पाणी दिलेल्या रानात पाय रुततात. या गोष्टी आळीपाळीने वाटणारा मुकादम टोळी राखतो. सोयऱ्याला रस्त्याकडची पात आणि परक्याला पडका ऊस देणाऱ्याची टोळी माघातच फुटते. मुकादम स्वतः कोयता धरतो की नाही, यावरही बरेच अवलंबून असते. लहान टोळ्यांचे मुकादम बहुधा स्वतः तोडतात. ज्याने सकाळी स्वतः पडक्या उसाची पात घेतली, त्याला दुपारी दुसऱ्याला सांगायला फार शब्द लागत नाहीत.

शेतकऱ्याशी असलेला व्यवहारही याच शिस्तीचा भाग आहे. तोड मिळवण्यासाठी शेतकऱ्याकडून ‘खुशाली’ आणि वाहनाची ‘एन्ट्री’ म्हणून पैसे घेण्याची प्रथा अनेक ठिकाणी रूढ झाली आहे आणि तिच्याविरुद्ध साखर आयुक्तालयाकडे तक्रारीही होतात. मुकादमाने हे चालू दिले तर टोळीला चार पैसे जास्त मिळतात. त्याच्याबरोबर माणसांना हेही कळते की ठरलेल्या मजुरीबाहेर पैसे काढणे इथे चालते. उद्या तीच रीत मुकादमाच्या वहीपर्यंत पोचते.

वही

टोळीत पंधरवड्याचे बिल होते, पण पंधरवड्याला हातात पैसे पडतात असे नाही. मजुरी उचलीतून वळती होत असते. मधल्या काळात पीठ, मीठ, तेल, औषध यासाठी आठवडे बाजाराच्या दिवशी मुकादम खर्ची देतो. तीही अंगावर मांडली जाते. प्रत्येक कोयत्याच्या नावावर अशा रीतीने चार रकाने तयार होतात: उचल, खर्ची, टन आणि खाडे. हंगामाच्या शेवटी, पट्टा पडल्यावर, या चारांवरून ठरते की उचल फिटून चार पैसे हातात येतात, की अंगावर बाकी राहते.

वरचेच उदाहरण पुढे नेले तर चित्र स्पष्ट होते. एक लाखाची उचल, दर आठवड्याला एक हजार याप्रमाणे अठरा आठवड्यांची अठरा हजार खर्ची. एकूण देणे १,१८,०००. मजुरी ९५,१६०. एकही दिवस न चुकता रोज दोन टन तोडूनही २२,८४० रुपये अंगावर राहतात आणि ते पुढच्या हंगामाच्या उचलीत धरले जातात. आजारपणात दहा दिवस गेले तर वीस टन, म्हणजे ७,३२० रुपये आणखी मागे. उचल जितकी मोठी तितके आपले भले, ही समजूत या हिशेबात टिकत नाही. मजुराला ती ऐन गरजेच्या वेळी मिळते म्हणून तो घेतो. पण ती फिटण्याजोगी आहे का, हे आधी मांडून दाखवणे मुकादमाचे काम आहे. फिटणार नाही इतकी उचल देणारा मुकादम माणूस बांधून घेतो खरा, पण अशा माणसाला पळून जाण्याचे कारणही तोच हातात देतो.

वही कुणाच्या हातात असते, हा या धंद्यातला कळीचा प्रश्न. बहुतेक ठिकाणी ती मुकादमाकडेच असते आणि अनेक मजुरांना ती वाचता येत नाही. काट्यावरची वजनाची पावती कोयत्यापर्यंत पोचत नाही. मग तोंडी आकड्यांवर तंटे होतात. ज्या टोळीत पंधरवड्याला सगळ्यांसमोर खेपांच्या पावत्या वाचल्या जातात, प्रत्येक कोयत्याकडे स्वतःची छोटी वही असते आणि शाळेत गेलेल्या पोराकडून ती लिहून घेतली जाते, तिथे हंगामाअखेर भांडण होण्याजोगे फारसे काही उरत नाही. राज्याबाहेर जाणाऱ्या मजुरांना छायाचित्रासह पासबुक देण्याची तरतूद १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने केली होती. तिचा हेतू हाच होता.

खाडा, आजार आणि तंटा

कामावर न येण्याला टोळीत खाडा म्हणतात. त्या दिवसाचे टन मिळत नाहीत हे ओघानेच आले. अनेक ठिकाणी त्यावर दंडही लावला जातो. मुकादमाच्या बाजूने पाहता एक कोयता कमी झाला की वाहन भरायला उशीर होतो, म्हणून दंड. परंतु दंडाची रक्कम बुडालेल्या कामापेक्षा मोठी झाली, आणि आजारालाही कामचुकारपणाइतकाच दंड बसू लागला, की त्या नियमाचा हेतूच संपतो. माणूस ताप अंगावर काढून फडात येतो, दुसऱ्या दिवशी जास्त आजारी पडतो, आणि एका दिवसाचा खाडा आठवड्याचा होतो.

सांभाळून चालणारे मुकादम इथे भेद करतात. दारू पिऊन पडलेल्याचा खाडा वेगळा, बाळंतिणीचा, तापाचा, कोयता लागलेल्याचा वेगळा. आजारी जोडीचा वाटा दोन-तीन दिवस बाकीच्या कोयत्यांनी उचलायचा, ही रीत ज्या टोळीत पहिल्या दिवशी सगळ्यांच्या संमतीने ठरते, तिथे ती उपकार राहत नाही. प्रत्येकाचा विमा होते. भांडणाच्या बाबतीतही तेच. पाणी, चूल, वाढ्यांची विक्री, पोरांची मारामारी अशा कारणांवरून तंटे होतातच. वाढे हा मजुरांचा वरकमाईचा हक्क; ते कुणी विकायचे आणि पैसे कसे वाटायचे हे आधी ठरले नाही तर त्यावरून टोळी फुटू शकते. मुकादमाने तंटा त्याच दिवशी, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून, टोळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याच्या साक्षीने मिटवावा लागतो. कोपीवर रात्रभर मुरलेला राग दुसऱ्या दिवशी फडात उतरतो, आणि तिथे प्रत्येकाच्या हातात धारदार कोयता असतो.

कोयत्याची दुसरी बाजू

एक कोयता म्हणजे दोन माणसे, पण उचल एकाच्या नावाने दिली जाते आणि हिशेबही त्याच्याशीच होतो. मोळी बांधणारी, डोक्यावर वाहणारी, पहाटे उठून स्वयंपाक करणारी आणि रात्री पुन्हा चूल पेटवणारी बाई वहीत नसते. व्यवस्थापनाच्या दृष्टीने ही फार मोठी चूक आहे, कारण टोळीच्या कामाचा निम्मा भार तिच्यावर आहे. ती आजारी पडली की कोयता बंद पडतो.

या दुर्लक्षाचे परिणाम २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्रासमोर आले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींच्या अशा शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. खाड्याची आणि दंडाची धास्ती, तोडीच्या जागी शौचालय व स्वच्छ पाण्याची वानवा, आणि साध्या तक्रारीवर थेट शस्त्रक्रिया सुचवणारे खासगी दवाखाने ही कारणे या चर्चेत पुढे आली. एखाद्या धंद्यातला गैरहजेरीचा नियम माणसाच्या शरीरापर्यंत कसा पोचतो, याचे यापेक्षा गंभीर उदाहरण सापडणे कठीण आहे. महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटना बाईची कामगार म्हणून स्वतंत्र नोंद व्हावी अशी मागणी करत आल्या आहेत. मुकादमाच्या हातात असलेल्या गोष्टी साध्या आहेत: वहीत दोघांची नावे, खर्ची देताना बाईलाही विचारणे, कोपी पाण्याजवळ टाकणे, आडोशाची सोय करणे आणि पाळीच्या, बाळंतपणाच्या दिवसांचा दंड बंद करणे.

मुलांचाही प्रश्न यालाच जोडून आहे. घरी सांभाळणारे कुणी नसेल तर मुले तोडीला जातात आणि शाळा सुटते. त्यासाठी आधी कारखान्यांजवळच्या साखरशाळांचे प्रयत्न झाले. २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना जाहीर झाली. ४१ तालुक्यांत मुलामुलींसाठी ८२ वसतिगृहे हे तिचे उद्दिष्ट. मूल सुरक्षित जागी आहे हे कळले की आईचे लक्ष कामात लागते. मजुरांची नावे वेळेवर देऊन मुलांना वसतिगृहात पोचवणारा मुकादम आपल्याच टोळीची घडी नीट बसवत असतो.

सावकार आणि कारभारी

मुकादमपणातली मूळ अडचण अशी की एकच माणूस काम देतो, कर्ज देतो, हिशेब ठेवतो आणि न्यायही करतो. चांगल्या माणसाच्या हातीसुद्धा या चार भूमिका एकत्र आल्या की गल्लत होते. वाईटाच्या हाती तिचे रूपांतर वेठबिगारीत होते. बाकीपोटी मजुराला डांबून ठेवणे, बायकामुलांना अडकवणे हे प्रकार घडले आहेत. राज्यघटनेचे कलम २३ आणि १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा यांनुसार हे गुन्हे आहेत. उलट बाजूने अनेक वाहतूकदारांकडून रक्कम उचलून पसार होणारे मुकादम आणि अनेक मुकादमांकडून उचल घेणारे मजूरही आहेत. ज्या धंद्यात विश्वास फक्त आगाऊ पैशाने विकत घेतला जातो, तिथे फसवणूक दोन्ही अंगांनी होते.

मुंबईच्या कापड गिरण्यांनी हा प्रश्न आधी अनुभवला होता. तिथे माणसे भरणारा, काम देणारा, काढणारा आणि प्रसंगी कर्ज देणारा जॉबर होता. कोकण-घाटावरच्या गावांतून तो आपली माणसे आणायचा. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली. पुढे १९३५ पासून बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धत आली आणि जॉबरची भरतीवरची पकड सैल होऊ लागली. भरती, पगार आणि देखरेख ही कामे वेगवेगळ्या हातांत गेल्यावर कामगाराला दाद मागायला जागा मिळाली.

महाराष्ट्राने हेच तत्त्व हमालांच्या बाबतीत अधिक पक्के केले. १९६९ च्या माथाडी कायद्याने स्थापन झालेल्या मंडळांत मालक आणि हमाल दोघांची नोंदणी होते, मजुरी मंडळाकडे जमा होते आणि मंडळ ती टोळीतल्या प्रत्येकाला देते; वर भविष्य निर्वाह निधी, रजा आणि औषधोपचारासाठी मालकाकडून लेव्ही घेतली जाते. टोळी आणि मुकादम तिथेही आहेत. मात्र मुकादमाच्या हातात वही आणि कर्ज नाही, फक्त कामाची आखणी आहे. त्यामुळे त्याचे नेतृत्व कामातल्या जाणतेपणावर टिकते.

माणसांवर विश्वास टाकून धंदा उभा करण्याचे दुसरे मराठी उदाहरण किर्लोस्करवाडीचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर कारखाना आणि वसाहत एकत्र वसवली. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर अशा साथीदारांना त्यांच्या पदवीपेक्षा अंगचे गुण पाहून त्यांनी जबाबदाऱ्या दिल्या. राहायला घर, पाणी आणि शाळा हा कारखान्याचा अवांतर खर्च आहे असे त्यांनी मानले नाही. चांगले काम होण्याची ती अट आहे असे मानले. तोडीच्या जागी पाणी, उजेड आणि आडोसा देण्याबाबत साखर कारखान्यांनी हाच विचार करण्याची गरज आहे.

येणारे दिवस

लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे. गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून दहा रुपये आणि तेवढाच वाटा सरकारचा, अशी त्याच्या निधीची रचना आहे. ग्रामपंचायतीमार्फत नोंदणी आणि ओळखपत्र ही पहिली पायरी. ज्या मुकादमाची सगळी टोळी नोंदलेली आहे, त्याला टोळीत कुणाला अपघात झाला तर एकट्याने धावावे लागत नाही.

दुसरीकडे तोडणी यंत्रे येत आहेत. २०२३ मध्ये राज्यात ९०० यंत्रांसाठी किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी जी कमी असेल त्या रकमेच्या अनुदानाची योजना आली. रुंद सरीच्या, सलग आणि मोठ्या रानात यंत्र चालते. लहान तुकडे, पडका ऊस आणि ओली जमीन यांसाठी कोयताच लागतो. काही वर्षे दोन्ही शेजारी चालतील आणि टोळ्यांची संख्या हळूहळू घटेल. त्या काळात टिकतील त्या टोळ्या वेळेवर येणाऱ्या, स्वच्छ तोड करणाऱ्या आणि मधे न फुटणाऱ्या. गावात नवी मुले उचलीपेक्षा पुण्या-मुंबईची, संभाजीनगरची रोजंदारी पसंत करू लागली आहेत. माणूस मिळणे जसजसे अवघड होईल, तसतशी माणसे सांभाळण्याची किंमत वाढत जाईल.

धंदा चालवणाऱ्यांसाठी

टोळीच्या कारभारातून निघणारे धडे राणीसावरगावच्या बाजारपेठेतल्या आडतीला, कापडदुकानाला, डाळमिलला किंवा बांधकामाच्या ठेक्यालाही तसेच लागू पडतात. माणसांची संख्या रोजच्या कामाच्या मापाने ठरवावी. निवड करताना कसब पाहावे, तितकेच घर आणि शब्द पाहावा. एकाच गोतावळ्यावर सगळा भार टाकू नये. आगाऊ रक्कम फिटण्याजोगी असावी आणि तिचा हिशेब देण्याआधीच समोर मांडावा. कष्टाचे आणि नकोसे काम आळीपाळीने वाटावे; त्यातला पहिला वाटा मालकाने किंवा मुखत्याराने स्वतः घ्यावा. वही दोघांकडे असावी आणि ठरल्या दिवशी मोठ्याने वाचली जावी. गैरहजेरीचा नियम करताना आजार आणि चुकारपणा यांत भेद असावा. जो प्रत्यक्ष राबतो त्याचे, आणि तिचे, नाव नोंदीत असावे. तंटा त्याच दिवशी मिटवावा. आणि काम देणे, कर्ज देणे, हिशेब ठेवणे, न्याय करणे ही चार कामे जितकी वेगळ्या हातांत ठेवता येतील तितकी ठेवावीत.

उचलीच्या जोरावर माणूस एक हंगाम आणता येतो. हंगाम संपल्यावर, अंगावर काही बाकी नसताना, तोच कोयता दुसऱ्या वर्षी आपणहून दारात येतो का, हे मुकादमाच्या कारभाराचे खरे माप आहे. कोणत्याही मालकाने आपल्या धंद्याला हेच माप लावून पाहावे.